खाल्ल्या मिठाला

सहाशे डॉलर मागितले आर्डिथ क्यूलने.
मी पाचशे म्हणालो आणि लगेच लाज वाटली.
शेवटी सहाशेच दिले,
वर तिच्या पायऱ्यांवरचा बर्फही ओढून दिला.

बासष्टची रॅम्बलर. चार दारं, सहा सिलिंडर.
रंग कधीकाळी पोपटी असावा, आता
दोनदा उकडलेल्या वाटाण्याचा.
मान वळवून बघावं अशी ही गाडी
नवी असतानाही नव्हती.
शेपटाला पंख नाहीत, क्रोमचा तोरा नाही,
आणि रेडिओच्या जागी एक कोरी पट्टी,
कारण रेडिओचे पैसे वेगळे पडायचे.
"ऑर्व्हिल शीळ घालायचा," आर्डिथ म्हणाली.
"एकच चाल. तीस वर्षं."

केनोशात हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात.
एकोणीस हिवाळे मीठ खाल्लं हिनं
आणि खाल्ल्या मिठाला जागली, अगदी जागोजागी:
ड्रायव्हरच्या पायाखाली वीतभर भोक,
त्यातून माझ्या गॅरेजची जमीन दिसते
आणि जमिनीवर माझाच हरवलेला पाना.
हिला वेगळा सांगाडा नाही. कातडी हीच हाडं.
स्क्रूड्रायव्हर टोचला की आत जातो,
भिजल्या पावात बोट जावं तसा.

कोंबडी सहाशेची. मसाल्याच्या पावत्या
मी टूलबॉक्सच्या तळाशी ठेवतो.
बायकोला जागा माहीत आहे.
ती विचारत नाही, हे जास्त महाग पडतं.

हीटरमध्ये उंदरांचं घरटं निघालं,
वर्तमानपत्राच्या कपट्यांचं.
डेलनीने एक कपटा दिव्याजवळ धरून वाचला:
"दुपारनंतर ढगाळ, आणि"
पुढचं उंदरांनी खाल्लेलं.
पंधरा वर्षांची आहे. झाळकाम माझ्यापेक्षा सरळ करते.
मुखवटा वर केला की कपाळावर लाल वळ,
आणि विचारते, "बाबा, ही झाल्यावर
विकणार तर नाही ना?"
कधी 'होते' ही, ते मला कळलेलं नाही अजून.

मार्चमध्ये डावं दार उघडलं, आतला पुठ्ठा काढला.
उघड्या पत्र्यावर पिवळ्या खडूचे आकडे:
४१७, एक बाण, आणि बाणाखाली दोन रेघा,
घाईत ओढलेल्या.
साठ वर्षं अंधारात कोरे करकरीत.

कारखाना आता नाही. पाडला, सपाट केला, कुंपण घातलं.
ऑर्व्हिल तिथेच होता, रंगखात्यात.
म्हणून मी आर्डिथला मुद्दाम घेऊन आलो,
गॅरेजमध्ये खुर्ची मांडली, दिवा धरला,
आणि मनात काय काय रचून ठेवलं.
तिनं चष्मा बदलला. वाकून पाहिलं.
"हा सात ऑर्व्हिलचा नव्हे," ती म्हणाली.
"तो सातच्या पोटात आडवी रेघ द्यायचा."
मग अंगठा आकड्यांच्या जवळ नेला, पण टेकवला नाही.
"कुणाचा तरी असेलच की."

तेवढ्या जागेवर कागद चिकटवून
आम्ही बाकीच्या दाराला रंग दिला.

नोव्हेंबरात पहिल्यांदा रस्त्यावर काढली.
आर्डिथ शेजारी, पर्स मांडीवर, दोन्ही हातांनी धरलेली.
डेलनी मागे, खिडकीची काच खालीवर करत
(एक काच मध्येच अडकते, अजून).
रेल्वेच्या पुलाचा चढ लागला आणि बर्फमिश्रित पाऊस.
मी जोर दिला, इंजिन घोगरं झालं,
आणि वायपर
काचेच्या अर्ध्यात उभे राहिले.
समोर सगळं पांढरं. माझ्या तोंडातून शिवी.
मागे हॉर्न.

"पाय उचल," आर्डिथ म्हणाली,
मीठ दे म्हणावं इतक्या साध्या आवाजात.
"चढावर ही दोन्ही कामं एकदम करत नाही."

मी पाय उचलला. गाडी किंचित मंदावली,
आणि वायपरांनी एक पूर्ण, सावकाश फेरी मारली.
दिसला पुढचा दुधाचा टँकर,
त्याचे लाल दिवे,
आणि पुलाचा कठडा, होता तिथेच.