चौथी तार

नीळकंठ, तू वाजवत असताना
कुणालाच ऐकू यायचा नाहीस.
थांबलास की सगळे मागे वळून बघायचे,
लाईट गेली का?

मी तुझ्या मागे, ड्रमवर, चौदा वर्षं.
तुझी पाठ मला तोंडपाठ.
घाम आधी मानेवर, मग खांद्यांच्या मधे,
आणि गाण्याची ओळ यायच्या आधी
उजवी टाच उचलायचास, पाऊण इंच.
मी त्या टाचेवर वाजवलं. मोजून कधीच नाही.

रबाळ्याला एमआयडीसीत शेड, रंगाचा कारखाना बंद पडलेला,
भिंती अजून गुलाबी,
शिंकरलं की रुमाल गुलाबी.
अ‍ॅम्प्लिफायर आला साडेबारा टक्क्यांतून.
बाबांच्या वाट्याचा भूखंड बिल्डरने घेतला,
थोरल्याने बुलेट घेतली, मधल्याने टेम्पो,
आणि तू हे कपाटाएवढं काळं खोकं,
जे चालू केलं की शेजारच्या शेडमधले नटबोल्ट
ट्रेमधून चालत कडेला यायचे.
"जमिनीचेच पैसे आहेत, हादरणारच," म्हणालास.
आम्ही हसलो. वीस वर्षांचे होतो,
कशालाही हसायचो.

तुझी आई धवलारीण.
तळवलीपासून दिवाळ्यापर्यंत
तिने तोंड उघडल्याशिवाय हळद लागत नसे.
एकदा शेडच्या दारात उभी राहिली,
डब्यात निवट्यांचं कालवण,
आख्खं गाणं ऐकलं, डबा खाली ठेवला.
"बरा गातंस. पन श्वास चोरतंस."
एवढीच तुझी तालीम.

वाशीच्या कॉलेजात एका मुलीने विचारलं,
बोटं एकीकडे, गळा दुसरीकडे, जमतं कसं?
"सायकल चालवता चालवता भांडायचं," म्हणालास.
ती पुढच्या कार्यक्रमाला आली नाही. पाऊस नव्हता,
काही नव्हतं. आली नाही.

'खारफुटी'ची कॅसेट, पाचशे प्रती.
तीनशे चाळीस अजून माझ्या माळ्यावर आहेत.
पुणे, इंदूर, एकदा शिलाँग,
जिथे मराठीचं अक्षर न कळणारी पोरं
"गाळात पाय, गाळात पाय" ओरडत होती
आणि तू गायचं सोडून नुसता वाजवत राहिलास,
त्यांना गाऊ दिलंस.
परतीच्या गाडीत सुधन्वाने सांगितलं, टोरांटो, व्हिसा आलाय.
तू त्याच्यासाठी खिडकीची जागा सोडलीस.

मग नेरुळच्या मॉलमधे, सरकत्या जिन्याच्या पायथ्याशी.
मग एका सोसायटीचा गणपती, आवाज कमी, अजून कमी.
मग गळ्यात गाठी.
डॉक्टर म्हणाला, सहा महिने मौन,
तू पाटीवर लिहून भांडायचास,
खडू मोडेपर्यंत.

नवा गायक खारघरचा, दात सुंदर.
तू एक पाऊल मागे आलास, माझ्या रांगेत.
आता मला तुझी पाठ नव्हे, कान दिसत होता.
टाच हललीच नाही.
चौदा वर्षांत पहिल्यांदा मी चुकलो,
आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या,
त्यांना वाटलं, मुद्दाम.

हल्ली ऐरोलीला, आयटी पार्काच्या तळघरात,
जनरेटर रूम, रात्रपाळी.
परवा दोन वाजता तुझा फोन.
बोलला नाहीस, नुसता यंत्रासमोर धरलास.
घर्रर्र. मी ऐकत राहिलो, अंधारात, उशी पोटावर.
मग तो उरलेला अर्धा आवाज:
"चौथ्या तारेचा तिसरा पडदा.
पण केसभर चढा आहे.
सहा वर्षं मेंटेनन्सला सांगतोय,
कुणी उतरवून देत नाही."

पलंगाच्या फळीवर माझी बोटं
कधी सुरू झाली कळलं नाही.
बायको कुस बदलून झोपली.
"घाई करतोयस," तू म्हणालास,
नेहमीसारखा.