विसावी पिन

राळेगावच्या जिनिंगातलं टर्मिनल अक्षरं गिळतं,
अशी चिठ्ठी आली म्हणून वर्ध्याहून एसटीनं गेलो.

हिरव्या पडद्यावर गाडीवानांची नावं
अर्ध्यात तुटून वजनाला चिकटलेली:
दमडू वाघा, मग दोन चौकोन, मग क्विंटल.
वेग नऊ हजार सहाशे. बाराशेवर आणून पाहिला,
तर यादी जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपेना.

"मग हंगामभर कसं भागवलंत?"
येरावारबाईंनी करंगळी कंट्रोलवर ठेवली,
शेजारचं बोट एसवर. पडदा जागीच उभा.
चार ओळी वहीत उतरवल्या, मग क्यू.
पुन्हा चार.
"कुणी शिकवलं?"
"कोनी नाई. येक डाव बोट चुकलं,
अन् थे चूप झालं."

मागचं झाकण काढलं. रुईचा बोळा निघाला,
मुठीत मावेना एवढा.
केबलमध्ये तीनच तारा.
टर्मिनल बिचारं विसाव्या पिनेवर
थांब, थांब म्हणत होतं,
आणि त्या पिनेला तारच नव्हती.

चौथी तार ओढली, डाग दिला.
यादी सरसर आली, अडली, आली,
आपली आपण.
बाईंची करंगळी तरी कंट्रोलवरच होती.

परतीच्या गाडीत घंटीची दोरी तुटलेली.
एका फाट्यावर कंडक्टरनं
पत्र्यावर थाप मारली. ड्रायव्हरला ऐकू गेली नाही.
मागच्या बाकावरून मीही मारली.
गाडी थांबली.
म्हातारी उतरली, तिची कोंबडी उतरली.

मग दोन थापा.