मधलं

नेरूळच्या तलावाकाठी प्लास्टिकच्या खुर्च्या,
ओहोटीचा चिखल, ओडोमॉसचा वास,
आणि पाण्यापलीकडे तराफ्यावर
जपानहून आलेले चार कारागीर.
पास तुमच्या जुन्या कंपनीने पाठवले.
अकरा वर्षांनंतरही यादीत नाव राहिलं
याचंच तुम्हाला अप्रूप.

ही स्पर्धा आहे, हे मला उशिरा कळलं.
मला वाटलं दिवाळीसारखं, धडाधड, आणि चला घरी.
इथं एकच गोळा उडतो,
मग सगळ्यांनी गप्प बसायचं.
सानपाड्याची कुणी मुलगी माइकवरून त्याचं नाव सांगते,
‘मागे वळून पाहणारी शेवंती’,
आणि परीक्षक मांडीवरच्या कागदावर
लाल कापड बांधलेल्या टॉर्चने लिहितात.

गुण कशाला असतात, तुम्ही विचारलंत.
पुढच्या खुर्चीतला मुलगा म्हणाला,
गोल किती गोल, पाकळ्या एकदम विझतात का,
आणि मधलं बी बरोबर मध्यावर आहे का.

तुम्ही हसलात.
दोन वर्षं झाली, तुमच्या नजरेला मध्यच नाही.
माझा चेहरा बघायचा तर माझ्या कानाकडे बघता.
डॉक्टर बावडेकरांनी दिलेला चौकटींचा कागद फ्रिजवर आहे,
रोज सकाळी त्याच्या मधल्या रेघा वाकतात,
कडेच्या सरळ.

तर ठरलं असं : कड तुमची, मधलं माझं.
“हिरवं,” मी.
“बेरियम.”
“लाल. कुंकवाचं नाही, डाळिंबाच्या दाण्याचं.”
“स्ट्रॉन्शियम. माल कोरडा ठेवलाय पठ्ठ्यांनी.”
एकतीस वर्षं तळोज्याच्या प्रयोगशाळेत
लोकांच्या साड्यांना रंगाशी रंग जुळवून दिलात,
आणि घरात पडदे कुठले घेऊ विचारलं
तर म्हणायचात, घे कुठलेही.

“निळं,” मी म्हटलं.
तुम्ही माझं मनगट धरलंत.
नक्की? तांब्याचं असतं ते,
जरा जास्त तापलं की हातचं जातं.
नीट बघ.
मी नीट बघितलं.
खोटं बोलता आलं असतं.
“कडेला जांभळट झालंय. मध्ये निळं.”
“कडेचं मला दिसलं,” तुम्ही म्हणालात,
आणि मग आवाज आला, छातीत,
तुम्ही मोजलेल्या दीड सेकंदावर.

आठवा गोळा शीळ घालत वर गेला.
सगळ्या माना त्याच्याबरोबर गेल्या.
तो उघडलाच नाही.
पाण्यात कुठेतरी डुबुक झालं.
तराफ्यावरचा माणूस आमच्या दिशेने कमरेत वाकला
आणि बराच वेळ तसाच राहिला.

“हा मला पूर्ण दिसला,” तुम्ही म्हणालात,
इतक्या गंभीरपणे
की पुढचा मुलगा वळून बघायला लागला,
आणि मला हसू आवरेना, पदर तोंडात धरून,
नववा गोळा त्यात निघून गेला,
त्याचं मधलं कुणीच पाहिलं नाही.

सीवूड्सच्या सिग्नलला, रिक्षात,
तुम्ही माझ्या कानाकडे बघत म्हणालात,
पडद्यांना तो लाल चालेल.
डाळिंबाचा.