हवा कशी आहे

यतीन, मीटिंग संपता संपता तू विचारलंस,
बारा महिने हवा कशी असते तिथे?
येऊन राहावं म्हणतोय.
खोली, टेबल, समोर पाणी, एवढं पुरे.
चांगला महिना कळव.

कळवते.

हा जुवा आहे, कालावलच्या खाडीतला.
बेट म्हणावं एवढा मोठा नाही.
अठरा घरं, एक क्रूस, एक पार,
आणि ट्रान्सफॉर्मर पलीकडच्या तीरावर.
रुजायची होडी भरतीला पायरीला लागते,
ओहोटीला चिखलात, हाकेच्या अंतरावर.
म्हणून तारखेच्या आधी तिथी बघावी लागते.

जानेवारीत पहाटे शाल,
नऊला लॉग-इन करेपर्यंत ती खुर्चीच्या पाठीवर.
धुकं उतरलं की तुला फोटो काढावासा वाटेल.
काढ, पण इंतीनच्या अंगणातून नको.
त्याच धुक्यात तिचा मोहर काळा पडत असतो.

मार्चपासून मनगटं टेबलाला चिकटतात.
साडेबाराला खारा वारा सुटतो,
मी जेवायची सुट्टी त्याच्या वेळेला घेते;
कॅलेंडरवर तेवढी जागा अडवून ठेवलीय,
कारणाच्या रकान्यात लिहिलंय : वैयक्तिक.

मे महिन्याचं मला विचारू नकोस.

जुलैत बरणीतल्या मिठाचं पाणी होतं.
चपलांना बुरशी, चार्जरच्या पिशवीला बुरशी,
पासपोर्टला हिरवट किनार, कुठेही न जाता.
तुम्ही म्हणता, तुझ्याकडून आवाज येतोय, म्यूट कर.
मी करते.
तुमच्याकडे पाऊस थांबतो.

ऑगस्टात चार दिवस वीज नव्हती.
चौथ्या दिवशी लॅपटॉप तांदळाच्या डब्यात घातला,
वर झाकण, त्यावर इंतीनचं जुनं इरलं,
आणि रुजायने मला पलीकडे नेलं,
वल्हं एका हातात, दुसऱ्या हाताने पाणी उपसत.
शाळेच्या पडवीत मास्तरांचा इन्व्हर्टर होता.
फाईल गेली.
रुजाय पायरीवर विडी विझू नये म्हणून ओंजळ धरून बसलेला.
"पोचला?"
पोचलं.
"मगे काय म्हणाले?"
म्हणाले, सोमवारी चाललं असतं.
तो बराच वेळ हसला नाही.
होडी मधल्या धारेला आली तेव्हा हसला,
एवढा, की वल्हं हातातून सुटता सुटता राहिलं.
भाडं रोजचंच घेतलं.

ऑक्टोबरात उकाडा परत येतो,
विसरलेली छत्री न्यायला आल्यासारखा.
नोव्हेंबरात कुरव येतात, उत्तरेकडून, थव्याने.
त्यांना महिना कोण कळवतं ठाऊक नाही.
डिसेंबरातलं तुला माहीत आहे.
मी कॅमेरा चालू ठेवते तो एवढाच महिना.

तरी काल इंतीनला विचारलं, तुझ्यासाठी.
चांगला महिना कुठला?
ती बांगडे उलटे करत होती, एकेक, चटईवर.
"काम काय हा तेचा?"
म्हटलं, माझ्यासारखंच. बसायचं.
"सुकटीक चैत, लावणीक आषाढ,"
ती म्हणाली, आणि हात न थांबवता,
"नुसता बसूक खंयचोय चलता."

तेव्हा ये, कधीही.
ओहोटी असली तर बूट हातात घे.