पातळीची वही

लेक क्रेस्टच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या,
काका, स्मरणिकेला पंचवीस ओळी द्या ना,
आपल्या तळ्याचा इतिहास. जरा गोड असू दे.

मी जलखात्यात एकतीस वर्षं पट्टी वाचली.
फूट, इंच, वेळ, सही.
गोडाचा रकाना त्या वहीत नव्हता.
तरी लिहितो.

आधी तळं नव्हतंच. मुलुंडच्या मागे, डोंगराच्या ओच्यात
चिंबीपाडा होता, अठरा झोपड्या आणि वाघोबाचा दगड.
बांध पडला. पाणी घाईनं आलं नाही,
पाहुण्यासारखं आधी उंबऱ्याशी थांबलं,
मग चुलीपर्यंत.
वरठ्यांनी वाघोबा खांद्यावर घेतला, चढत गेले,
जिथे टेकवला तिथे पाणी थांबलं. देवानं थांबवलं, म्हणतात.
वही म्हणते : सांडवा वाहू लागला, सकाळी सहा दहा.

मग प्लेगचं साल.
गिरगावातून दम लागलेली माणसं डोलीत बसून वर आली,
हवापालटाला.
धैर्यवानांनी पहिली बंगली बांधली
थोरलीच्या छातीसाठी. ती सहा महिन्यांत गेली.
बंगलीचं नाव ‘आरोग्य’ होतं, ते ‘आरोग्य’च राहिलं.
पुढे दुभाषांची ‘खुशनुमा’,
पास्कू मिंगेलची खाणावळ,
शनिवारी बाटलीच्या मसाल्यातली मरळ,
पत्त्यांचा क्लब, अकरा बंगल्या, सात होड्या.
होड्यांना घरच्या बायकांची नावं,
वल्ही मात्र वरठ्यांच्या हातात.

माझी आई त्यांच्या चादरी धुवायची.
तळ्यात नाही, ते पिण्याचं पाणी. खालच्या ओढ्यात.
कोण बरं होतंय, कोण नाही,
कोणाच्या खोलीत रात्री कोण,
तिला सगळं कापडावरून कळायचं.
बोलली नाही कधी.
एकदाच, म्हातारपणी, ताक पिता पिता म्हणाली,
‘खुशनुमातल्या उशांना मीठ फार असायचं.’

कोजागिरीच्या रात्री ‘सुंदराबाई’ कलंडली.
दोन पाहुणे आणि जान्या वरठा.
जान्यानं दोघांना काठाशी लावलं,
आणि शेटचा चांदीचा डबा बुडत होता म्हणून
पुन्हा आत गेला.
चौकशीत लिहिलं : पाहुणे सुखरूप.
माझ्या आधीच्या माणसानं दुसऱ्या दिवशी पट्टी वाचली,
त्याचं सुवाच्य अक्षर अजून आहे :
कालच्या पातळीत फरक नाही.

मग धक्क्याला कुलूप लागलं.
होड्या पालथ्या पडल्या, कोंबड्या त्यांच्याखाली अंडी घालू लागल्या.
‘आरोग्या’त दारूबंदीच्या काळात हातभट्टी,
मग सिनेमाचं शूटिंग, दोन भुतांचे, एक प्रेमाचं,
मग बिल्डरचं ऑफिस, काचेच्या पेटीत तुमची इमारत,
कापसाचे ढग लावलेली.
पाणी दिसणाऱ्या फ्लॅटला चौरस फुटामागे जास्त दर.
म्हणजे आमचीच पट्टी, फक्त उभी इमारतीला लावलेली.

आणखी एक, जागा उरली तर.
ज्या मे महिन्यात पातळी एकसष्ट फुटांच्या खाली जाते
तेव्हा तेविसाव्या मजल्यावरून बघा, सकाळी, ऊन तिरपं असताना.
चिखलात अठरा चौकोन दिसतील.
एकात जातं आहे. वरची तळी नाही,
ती ते घेऊन गेले असणार.

पंचवीस ओळी कधीच झाल्या.
बाईंनी वाघोबा ठेवला, डोली ठेवली, मरळ ठेवली.
जान्या गेला.
स्मरणिका गुळगुळीत कागदावर आली, मधल्या दोन पानांवर तळ्याचा फोटो,
छापखान्यात उलटा लागलेला :
आकाश खाली, डोंगर टोकांवर उभे.
प्रकाशनाला दीडशे माणसं होती, कोणी काही बोललं नाही.

लॉबीतल्या टेबलावर ती उघडीच पडली होती.
जान्याची नातसून लिफ्ट पुसायला येते, यमुना.
तिनं हात पदराला पुसले,
पुस्तक फिरवून सरळ ठेवलं,
आणि बादली घेऊन वर गेली.