जाडी

लकडगंजात पाच ओंडके टेम्पोतून उतरले
आणि दुर्योधन मरस्कोल्हेनं आधी वास घेतला.
"शिरीष. काळा. कुठला?"
हिंगणा रोडचा, म्हटलं. रस्ता रुंद झाला ना.
लिलावाची पावती काढली,
पण त्याला पावतीत रस नव्हता.
तो आडव्या कापावर थुंकी लावून कड्या मोजत होता,
अर्ध्यावर सोडून दिल्या.

"बनवाचं काय हाये?"

हेच तर ठरलं नव्हतं.
तेहेतीस वर्षं वीज मंडळात होतो.
तारेला लागते ती फांदी, एवढीच झाडाशी ओळख.
शिरिषाच्या वाळक्या शेंगा
तोडलेल्या फांदीसकट ट्रकमध्ये पडायच्या,
डेपोपर्यंत खुळखुळत यायच्या.
आता हे पाच का घेतले, घरी कोणी विचारलं नाही.
रत्नमालानं फक्त टेम्पोचं भाडं विचारलं.

"मंग जाड ठेवा," तो म्हणाला. "जाडाचं बारीक होते,
बारकाचं जाड कोणी करून नाही दाखवलं."

मग खडूनं आखत गेला.
मधली नळी काढून टाकायची, तिथूनच तडकते.
सरळ फाडलं तर नक्षी देखणी, पण फळी वाकते.
चौथाई करून फाडलं तर माल कमी भरते,
पण गप्प बसते.
कडेचं पांढरं भुंग्याचंच असते, त्यालेच देऊन टाका.

चौथ्या ओंडक्यात पट्टा किंचाळला.
खिळा. भोवती शाई सांडावी तसा काळानिळा डाग
आणि पिवळ्या पत्र्याचा कोपरा,
त्यावर अर्धंच अक्षर, 'शन क्लासेस'.
"दोन दात गेले," तो म्हणाला, "बिलात लावीन."

टोकांना आजच ऑइलपेंट.
नाही तर मे महिन्यात रात्री फटाका फुटल्यासारखी उलतात.
फळीवर फळी नाही, मधे पट्ट्या,
सगळ्या एका मापाच्या, एकाखाली एक.
सावली पाहिजे, वारा पाहिजे,
कूलरचा मात्र नको.
आणि इंचाला एक वर्ष.

"सांगा. दीड, दोन, का तीन?"

मी एकोणसत्तरचा.
मीटरचा आकडा घ्यावा तसा हिशेब झाला डोक्यात,
आणि तो चेहऱ्यावर दिसला असावा,
कारण त्यानं मोटर बंद केली
आणि उगाच तंबाखू मळत बसला.

दोन ओंडके दीडचे, म्हटलं. दोन दोनचे.
"अन् हा?"
पाचवा सगळ्यात सरळ होता, गाठ नाही, खिळा नाही.
तीन, म्हटलं.
तो काही बोलला नाही. मोटर चालू केली.

जिन्याखाली थप्पी लावली, कूलर पलीकडच्या खिडकीत गेला.
खालच्या फळीवर पेन्सिलीनं तारीख टाकली.
वर वजन लागते, असं दुर्योधन म्हणाला होता.
विटा आणायला निघालो, तर रत्नमाला
कैरीची मोठी बरणी घेऊन उभी,
यंदाचीच, फडकं बांधलेली, अजून मुरायची.
"ही चालेल का?"