तंगुसाचा तुकडा

तळाशीलच्या वाटेवर माझी एक चप्पल राहिली
आणि मला ते कळलं नाही.
शाळेपासून पुळणीपर्यंत
एका पायात चप्पल, एका पायात वैशाख,
असा चालत गेलो. वाळू भाजत होती म्हणे.
मेतरांचा धाकटा मागून धावत आला,
"काकानू, तुमची चप्पल!"
मी हसलो. म्हटलं, म्हातारपण.
वय बावन्न.

लाकडाचं मला कळतं.
ओढून वर घेतलेल्या होडीच्या बुडाला
हातोडीनं ठोकत गेलो
की चांगली फळी खणखणीत बोलते
आणि कुजकी, तोंडात भाताचा घास असल्यासारखी.
मालक म्हणतो, "एक हंगाम काढील रे."
काढीलही.
पण मी ती तेव्हाच काढायला लावतो,
कूज बोटाएवढी असताना.
नऊ वाव पाण्यात कोण हातोडी घेऊन बसणार?

मुंग्या वैजंतीनं पाहिल्या.
परसात, माडाच्या बुंध्याशी,
जिथे मी रात्री तीन-तीनदा उठून जातो.
"माडाक गूळ घालतास काय?"
मी खवळलो. माका काय धाड भरली हा?
ती काही बोलली नाही.
नुसती कुंपणापलीकडे बघत राहिली,
भिवाच्या पडवीकडे.

भिवा माझा थोरला.
कालवं काढताना पाय कापला, तर म्हणाला, दुखत नाय.
दुखत नाय, म्हणून हळद.
दुखत नाय, म्हणून कुणीतरी सांगितलेला पाला.
मग काळी पूड, मग गाऱ्हाणं,
मग रात्री दोनला भाड्याची गाडी, ओरोस.
आता तो बसला
की त्याची लुंगी एका बाजूला सपाट पडते.

आचऱ्याच्या केंद्रात मी कोपऱ्यातला बाक धरला.
बोटातून थेंब घेतला, यंत्रानं आकडा दाखवला: तीनशे बारा.
पेडणेकर सिस्टर म्हणाल्या, पाय वर घ्या.
त्यांच्या हातात एक काडी, काडीच्या टोकाला
बोटभर तंगूस.
मी तो लगेच ओळखला. जन्म गेला त्यात.
"ह्येच्यान काय मुडदुशे धरतास?"
"डोळे मिटा," त्या म्हणाल्या. "टेकला की सांगा."

अंगठा. कळला.
टाच. कळला.
मग बराच वेळ काहीच नाही.
पंखा कुरकुरत होता. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं.
मला लाज वाटायला लागली,
शाळेत गणित न येणाऱ्याला वाटते तशी,
म्हणून म्हटलं, "कळता. आता कळता."

सिस्टर थांबल्या.
"अहो मेस्त्री," हळूच म्हणाल्या,
"आत्ता मी टेकवलंच नव्हतं."

डोळे उघडायला मला वेळ लागला.

दहातले सहा. तसं कागदावर लिहिलंय.
जे चार गेले ते परत येतील
असं त्या म्हणाल्या नाहीत.
म्हणाल्या, सहा आहेत ना,
त्यासाठीच बरं झालं आलात.
गोळ्या दिल्या. जेवणाआधीच्या वेगळ्या.
अनवाणी फिरायचं नाही, पुळणीवरसुद्धा नाही.
आणि रोज रात्री तळपाय बघायचे.

तळपाय कोण बघतो स्वतःचे?
दाढीचा आरसा जमिनीवर ठेवून
मी पहिल्यांदा पाहिले.
टाचेत शिंपल्याची कपची रुतलेली,
कधीपासून, देव जाणे.
वैजंतीनं बॅटरी धरली, चिमट्यानं काढली,
आणि शिव्या घातल्या, मला, शिंपल्याला,
भिवाच्या त्या काळ्या पुडीलाही.

जाळ्याच्या ढिगातून तिनेच एक तुकडा कापून घेतलाय.
काडी नाही, खराट्याचा हीर.
सिस्टरसारखा नेमका नाही लागत तिचा हात,
पण रात्री भांडी आवरली की ती समोर बसते.
"डोळे मिटा."
कळता?
हां.
हय?
हां.
हय?
पलीकडे भिवा खोकतो. गाज ऐकू येते.
पूर्वीचा मी असतो तर हां म्हटलं असतं.

नाय, मी म्हणतो. हय नाय.
थांब.
परत टेकव.